हापूसची गुणसूत्रं, नीरफणसाच्या बिया आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आंब्याच्या जिनोमवर, म्हणजे त्याच्या डीएनएच्या एका पूर्ण संचावर, दोन ओळी लिहिल्या काय आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला, त्यात बागायतदार आहेत, कॉलेजची मुलं आहेत, परदेशातून व्हॉट्सअॅप करणारे पण आहेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र करून थोडेच घेतलेत. पत्रं कापून छोटी केलीत, राग मानू नये.

प्रश्न (देवगड तालुक्यातले एक बागायतदार): सर, आमच्याकडे आजोबांच्या वेळची कलमं आहेत, काही झाडांबद्दल घरातच वाद आहे की ही हापूस की दुसरंच काही. आता एक लॅबवाला येऊन गेला, म्हणतो पान द्या, गुणसूत्रं मोजून अस्सल हापूस असल्याचं सर्टिफिकेट देतो. हापूसला गुणसूत्रं असतात तरी किती? आणि मोजून हे कळतं का?

उत्तर: पैसे देऊ नका काका. पहिलं हे सांगतो आणि मग कारण.

गुणसूत्रं म्हणजे पेशीत डीएनए ज्या गुंडाळ्यांत बांधलेला असतो त्या. आंब्याला गुणसूत्रं ४०. हापूसला ४०, पायरीला ४०, केशरला ४०, गोव्याच्या मानकुरादला ४०, आणि बांधावर आपोआप उगवलेल्या आंबट ढाण रायवळलाही ४०च. वीस मोहोरातल्या स्त्रीकेसराकडून आलेली, वीस परागाकडून. अपवाद सापडतात, कॅनरी बेटांवर गोमेरा नावाच्या जातीच्या रोपांमध्ये आपोआप दुप्पट, म्हणजे ८० गुणसूत्रं झालेली रोपं मिळाली होती, पण ते अपवादच. त्यामुळे तो लॅबवाला मोजून ४० सांगणार आणि तुम्ही म्हणणार झालं सिद्ध, पण त्यातून एवढंच सिद्ध झालं की झाड आंब्याचं आहे, आणि ते तुम्हाला पान बघून आधीच माहीत होतं!

गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचा मजकूर यात लोक गोंधळ करतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर चाळीस पेट्या गेल्या म्हटल्यावर माल किती गेला ते कळत नाही, चार डझनी की सहा डझनी ते विचारावं लागतं, आणि आत पायरी भरलीय की हापूस हे तर पेटी उघडल्याशिवाय कळतच नाही. पेट्या मोजणं म्हणजे गुणसूत्रं मोजणं, वजन करणं म्हणजे जिनोमचा आकार काढणं, आणि उघडून बघणं म्हणजे डीएनए वाचणं. ही तीन वेगळी कामं आहेत, मशीन वेगळी, खर्च वेगळा.

जात ओळखायला तिसरं काम लागतं. डीएनएवरच्या ठरावीक जागा तपासतात, त्याला मार्कर म्हणतात, आणि खात्रीच्या हापूस झाडाशी तुमचं झाड जुळतं का बघतात. घरातला वाद त्याने मिटेल. पण दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवा, कलम म्हणजे मूळ झाडाचीच काडी दुसऱ्या खुंटावर बांधलेली, त्यामुळे देवगडच्या काडीपासून कर्नाटकात बाग केली तरी डीएनए तोच राहणार. देवगडचा की बाहेरचा हे मार्कर सांगणार नाही. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते प्रदेशाचं आहे, डीएनए टेस्टवर दिलेलं नाही. बाजारात हापूस म्हणून दुसरंच विकणाऱ्यांना आवरायला लॅबपेक्षा नोंदणी आणि पेटीवरचा कोड जास्त कामाला येईल असं माझं मत.

प्रश्न (कोल्हापूरची एक एमएस्सीची विद्यार्थिनी): सर माझं प्रोजेक्ट आंब्याची गुणसूत्रसंख्या आणि जिनोम साइज यावर आहे. कांद्याची मुळं घेतली की स्लाइड मस्त येते, आंब्याची काळपट येते आणि गुणसूत्रं म्हणजे नुसते ठिपके, मोजताच येत नाहीत. गाईड म्हणतात कांदाच कर. काय करू?

उत्तर: कांदा नको करूस, कांदा सगळ्यांनी केलाय. पण आंबा का छळतो ते आधी समजून घे.

कांद्याला फक्त १६ गुणसूत्रं आणि ती लांबलचक, कारण कांद्याचा जिनोम प्रचंड मोठा. आंब्याची ४०, आणि त्यांत डीएनए थोडा, म्हणून एकेक गुणसूत्र एक-दोन मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उष्ण प्रदेशातल्या बहुतेक लाकडी झाडांचं असंच असतं, गुणसूत्रं पुष्कळ पण बारीक. स्टेबिन्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३८ मध्येच हे लिहून ठेवलंय आणि नंतर लखनौच्या एनबीआरआय या वनस्पती संशोधन संस्थेत ओहरी आणि कुमार यांनी १९८६ मध्ये आपल्याकडच्या इमारती लाकडाच्या झाडांचं डीएनए मोजून हाच सूर काढला. तेव्हा तुझा हात वाईट नाहीये, झाडच असलं आहे.

आता मुळं. मुळं कुठून घेतलीस ते तू लिहिलं नाहीस आणि मला तिथेच शंका आहे. हापूसच्या कलमाच्या बुंध्यापाशी उकरून मुळाची टोकं आणली असशील तर ती हापूसची नाहीतच ना, ती खाली खुंट म्हणून वापरलेल्या रायवळची! संख्या ४०च येईल पण वहीत तू हापूस लिहिणार आणि परीक्षक कोकणातला निघाला तर पहिला प्रश्न हाच विचारेल. बरं हापूसची कोय रुजवून मुळं घेतली तरी तीच अडचण, हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो कुठल्या तरी दुसऱ्या झाडाच्या परागाने झालेला असतो, म्हणजे ते हापूसचं पोर, हापूस नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओलूर, बप्पकाई, चंद्रकरन अशा काही जातींच्या कोयीतून मात्र एकाच वेळी अनेक रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात, अशी कोय मिळाली तर मुळांचं काम निर्धास्त कर.

मुळंच करायची असतील तर कोय वरचं कवच काढून ओल्या कोकोपीटमध्ये लाव, पांढरी ताजी टोकं आली की सकाळी सेंटीमीटरभर तोड, आठ-हायड्रॉक्सीक्विनोलिनमध्ये थंड जागी तीन-चार तास ठेव, म्हणजे पेशी विभाजनाच्या मधल्या पायरीवर अडकतात आणि गुणसूत्रं आखडून सुटी होतात, मग तीन भाग अल्कोहोल एक भाग अॅसेटिक अॅसिड यात रात्रभर. नंतर साठ डिग्रीला एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये काही मिनिटं. आंब्याचं टिश्यू चिवट, म्हणून मिनिटं कांद्याची लावू नकोस, आठपासून सुरू करून वाढवत जा आणि प्रत्येक वेळी एक स्लाइड करून बघ. काळपटपणा टॅनिनचा आहे. टोकाच्या अगदी शेवटचा एक-दीड मिलिमीटर भागच ठेव, बाकी ब्लेडने उडव, निम्मा काळपटपणा तिथेच जातो.

पण मला विचारशील तर मुळं सोड आणि मोहोर घे. मोहोर कलमाच्या वरच्या काडीला येतो म्हणजे तो शंभर टक्के हापूसचाच, आणि परागकोशात पेशी अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं) करत असताना ४० गुणसूत्रांच्या २० जोड्या झालेल्या दिसतात, वीस मोजणं चाळीसपेक्षा कधीही सोपं. कटकट एवढीच की कळी फार लहान असताना घ्यायला लागते, टपोरी हिरवी-पिवळी कळी घेतलीस तर आत पराग तयार होऊन बसलेले असतात. दुसरी गंमत म्हणजे आंब्याच्या फुलात पुंकेसर पाच असले तरी कामाचा साधारण एकच, फार तर दोन, बाकीचे नुसते खुरटलेले. सुईने कळी उघडल्यावर तो एकच गुबगुबीत परागकोश शोधायचा, अॅसिटोकार्मिन या रंगाच्या थेंबात फोडायचा आणि कव्हरस्लिप दाबायची. एकाच तुऱ्यावर सगळ्या वयाच्या कळ्या असतात, त्यामुळे तुऱ्याच्या टोकाकडून खाली बारीक कळ्या ओळीने करत गेलीस की कुठेतरी सापडतंच.

जिनोम साइजसाठी फ्लो सायटोमीटर लागेल, तुमच्याकडे नसलं तर ज्या इन्स्टिट्यूटमध्ये आहे तिथे गाईडकरवी वेळ माग. काम सोपं दिसतं. कोवळं पान आणि ज्याचा डीएनए आधीच माहीत आहे अशा झाडाचं पान एकत्र घेऊन थंड बफरमध्ये नव्या कोऱ्या ब्लेडने बारीक चिरायचं, नायलॉनच्या जाळीतून गाळायचं, आरएनए काढून टाकायला आरएनेज, मग प्रोपिडियम आयोडाइडने रंगवायचं, आणि मशीन एकेका केंद्रकाची चमक मोजतं. आंब्यात घात करतो तो चीक आणि फिनॉल, चिरता चिरता बफर तपकिरी होतो, केंद्रकं चिकटतात आणि आलेख पसरट येतो. पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारी पावडर) घाल, पान थोडं घे, जास्त रगडू नकोस, आणि बफर तपकिरी झालाच तर ते सॅम्पल टाकून दे, त्यातून आकडा काढत बसू नकोस.

तुलनेला टोमॅटो घेऊ नकोस, सगळे टोमॅटो घेतात म्हणून तूही घेशील. आंब्याच्या एका केंद्रकात डीएनए साधारण ०.९१ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). ज्या पेशी विभाजनाच्या तयारीत असतात त्यांच्यात दुप्पट, म्हणजे १.८ च्या आसपास. टोमॅटोचा १.९६. दोन्ही शिखरं एकमेकांच्या अंगावर येतात आणि मग कुठलं कोणाचं यावर भांडत बसावं लागतं. पोलांका जातीचं सोयाबीन २.५० वर असतं, ते घे.

आणि लिहिताना एक सांभाळ. जुन्या, १९९१ च्या मोजणीत आंब्याचा जिनोम ४३.९ कोटी अक्षरं (डीएनएच्या बेस-जोड्या) दिलाय. तू ०.९१ चं अर्ध करून आत्ताच्या हिशेबाने, म्हणजे एक पिकोग्रॅम बरोबर ९७.८ कोटी, असा गुणाकार केलास तर साडेचव्वेचाळीस कोटी येतात आणि मुलं घाबरतात की आपलं चुकलं. चुकलेलं काही नाही, तेव्हा गुणायला ९६.५ घेत होते. म्हणून आधी पिकोग्रॅम लिही आणि कोटी त्याच्यापुढे.

प्रश्न (पुण्यातले एक आयटीवाले): माणसाला ४६ आणि आंब्याला ४०, म्हणजे आंबा आपल्यापेक्षा थोडाच मागे असं म्हणायचं का? जिनोम जितका मोठा तितका जीव प्रगत असं काही असतं का?

उत्तर: नाही हो, असं काही नसतं. ऑफिओग्लॉसम रेटिक्युलाटम नावाचं एक बोटभर नेचं आहे, त्याला १२०० च्या वर गुणसूत्रं आहेत, आणि ते काही आपल्यापुढे गेलेलं दिसत नाही. डीएनएच्या आकाराचंही तेच. माणसाचा जिनोम ३१० कोटी अक्षरांचा आणि प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास, आंब्याचा जेमतेम ४४ कोटींचा आणि जनुकं तीस हजारांच्या वर. नारळाला गुणसूत्रं आंब्यापेक्षा कमी, ३२, पण डीएनए २४० कोटींच्या घरात. लॉब्लॉली पाइन म्हणून अमेरिकेतला सूचिपर्णी वृक्ष आहे, गुणसूत्रं फक्त २४ आणि जिनोम २२०० कोटी! सर्वांत मोठा म्हणून २०२४ मध्ये जाहीर झाला तो न्यू कॅलिडोनियातल्या एका लहानशा नेच्याचा, १६,००० कोटी. उलट टोकाला काससारख्या सड्यांवर पावसाळ्यात निळी जांभळी दिसतात ना ती सीतेची आसवं, त्याच वंशातल्या युट्रिक्युलारिया गिब्बाचा जिनोम २०१३ मध्ये वाचला तर सगळा मिळून ८ कोटींच्या आसपास भरला.

फरक येतो तो मुख्यतः पुन्हा पुन्हा छापलेल्या मजकुरामुळे. डीएनएचे काही तुकडे स्वतःच्या नकला काढून जिनोममध्ये इकडे तिकडे घुसत राहतात, काही वनस्पती त्या साफ करतात, काही साठवत जातात. जनुकं त्यामानाने फार बदलत नाहीत. आपल्याकडची झाडं बहुतेक आटोपशीर आहेत, सागाला गुणसूत्रं ३६ आणि जिनोम आंब्याच्याच जवळपास, चंदनाला २० आणि जिनोम अजून लहान. पाइन एवढा का साठवतो आणि साग का नाही यावर थिअरी पुष्कळ आहेत, तुमचा रविवार जाईल.

प्रश्न (म्हापश्याहून एक गृहिणी): आमच्या परसात फणस आणि नीरफणस दोन्ही आहेत. फणसात गऱ्यागणिक बी आणि नीरफणसात एकपण नाही, कापं तळायला बरं पडतं, पण असं का? आणि बी नाही तर झाड वाढवायचं कसं?

उत्तर: ताई, इथे मात्र गुणसूत्रांची संख्याच उत्तर देते. फणसाला ५६ गुणसूत्रं. नीरफणसाचे बी असलेले प्रकारही ५६चे. पण बिनबियांच्या नीरफणसात बऱ्याच जातींना ८४ असतात, म्हणजे दोनऐवजी तीन संच. पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि मग अर्धी इकडे अर्धी तिकडे वाटणी होते, तीन संच असले की वाटणी बिघडते, पराग वांझ निघतात, बी धरत नाही. फळ मात्र परागाशिवाय वाढतं. खायच्या बऱ्याच केळ्यांचं पण हेच, ११ च्या तीन संचांनी ३३, म्हणून बसराईत बी कधी दाताखाली येत नाही.

झाड वाढवायचं ते मुळांना फुटलेल्या कोंबांपासून. नीरफणसाची उघडी मुळं दुखावली की तिथे कोंब येतात, तो मुळाच्या तुकड्यासकट काढून पिशवीत लावायचा. या बिनबियांच्या भानगडीमुळे एक मोठं रामायण पण घडलंय. इंग्रजांना वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी स्वस्त अन्न म्हणून ताहितीचा नीरफणस हवा होता, बी असतं तर थैली भरून नेली असती, पण रोपंच न्यायला लागणार म्हणून बाउंटी जहाजात कप्तानाची मोठी केबिन रोपांना दिली, हजारावर रोपं चढवली. १७८९ मध्ये वाटेत खलाशांनी बंड केलं, कॅप्टन ब्लायला होडीत सोडलं आणि रोपं समुद्रात फेकली. ब्लाय परत गेला आणि १७९३ मध्ये दुसऱ्या जहाजातून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला रोपं पोचवलीच.

प्रश्न (वेंगुर्ल्याजवळून एकजण): मग सिंधू आंबा पण तीन संचांचाच का? त्याची कोय पण नुसती नावाला असते.

उत्तर: नाही. सिंधू वेंगुर्ल्याच्याच फळ संशोधन केंद्रात तयार झाली, रत्ना आणि हापूसचा संकर, १९९२ ची. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसची लेक. सगळी ४० वालीच मंडळी. सिंधूत बाठा पातळ राहतो आणि आतलं बी वाढत नाही, पण ते संच वाढवून केलेलं नाही. बी न धरण्याचे रस्ते अनेक आहेत, नीरफणसाचा त्यातला एक.

प्रश्न (न्यू जर्सीहून): हापूसचा जिनोम चिनी लोकांनी वाचला असं ऐकलं, खरं का? मग आता ते हापूस बनवणार आणि आपण बघत बसणार?

उत्तर: वाचला हे खरं. २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेला आंब्याचा जिनोम हापूस जातीचाच होता, ३९ कोटींच्या वर अक्षरं जुळवली आणि ती २० गुणसूत्रांवर बसवली. मशीनने मोजलेले ४४ आणि जुळवलेले ३९ यात जो फरक दिसतो तो त्या सारख्या सारख्या मजकुरामुळे, एकसारखे तुकडे कुठे बसवायचे ते कळत नाही म्हणून गळतात. त्यांना असंही दिसलं की आंब्याच्या पूर्वजांत कधीतरी सगळा जिनोमच दुप्पट झाला होता. यातली गंमत म्हणजे कलकत्त्याचे सुनील कुमार मुखर्जी यांनी १९५० मध्येच नुसती सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघून आंब्याचं मूळ बहुगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे संच वाढून झालेलं, असल्याचं नेचर मासिकात लिहिलं होतं. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

पण वाचल्याने हापूस बनत नाही. हापूस न्यायचाच असेल तर जिनोम कशाला, कलमकाडी पुरते. आंबे असेच गेलेत. मुलगोबा जातीच्या आंब्याची कलमं अमेरिकेने १८८९ मध्ये भारतातून नेली, फ्लोरिडात त्या मुलगोबाच्या कोयीतून हेडन निघाला, हेडनच्या वंशात टॉमी अॅटकिन्स, आणि तुम्ही तिकडच्या दुकानात जो लालभडक, दोरेदार, चवीला पाणचट आंबा घेऊन हळहळता तो बहुतेक वेळा हाच. म्हणजे आपलंच नातवंड आहे ते.

जिनोमचा खरा उपयोग पैदास करणाऱ्याला. कोयीपासून केलेलं रोप फळाला यायला कितीतरी वर्षं घेतं, तोवर ते जगवायचं आणि मग चव घेऊन तोडून टाकायचं, असं चालतं. मार्कर हाताशी असले तर पिशवीतल्या रोपाचं पान तपासून नको ती आधीच काढता येतात. हापूसमध्ये साका का पडतो, वरून फळ सोन्यासारखं आणि आत पांढरा स्पंज, याची जनुकं नक्की कोणती हे हातात आलं तर कोकणाला खरा फायदा. तोपर्यंत साक्याला कंटाळलेल्यांनी रत्ना लावावी, तिला साका पडत नाही. १९८१ पासून रोपं मिळतायत आणि ती निवडताना कोणी जिनोम वाचला नव्हता. लोक लावत नाहीत कारण बाजारात नाव हापूसचं चालतं, आणि त्याला माझ्याकडे काही उत्तर नाही.